सूत्र नसलेली बाहुली : कथाविश्वातील स्पष्टीकरणाचा प्रश्न

१

कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सूत्र लपविण्याचा फारसा प्रयत्न नसतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांनी चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांच्याबरोबरच कळसूत्री बाहुल्यांची परंपराही जतन केली आहे. त्या खेळात प्रेक्षकाला दोरी दिसते. दोरीच्या वरच्या टोकाशी माणसाचा हात आहे याचीही त्याला पूर्ण जाणीव असते. तरीही बाहुली रडू लागली की प्रेक्षक गंभीर होतो आणि ती नाचू लागली की तो खुलतो. ही बाहुली जिवंत कशी, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर डोळ्यांसमोरच टांगलेले असते.

बाहुली कथेत येते तेव्हा ही सोय नाहीशी होते. कथेतील बाहुली चालते, बोलते, भुकेलेली होते, माणसांच्या घरात वावरते. पण तिला हलविणारा हात कोठेच दिसत नाही. तुटलेल्या सूत्राच्या जागी निवेदकाला काहीतरी ठेवावे लागते. कधी तो शाप ठेवतो, कधी यंत्र ठेवतो, तर कधी ती जागा सरळ रिकामी सोडतो. या तीन पर्यायांकडे समीक्षेने जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. बाहुली जिवंत झाली की ‘अद्भुत’ असा शिक्का मारून विषय संपविला जातो, अथवा बाहुलीचे रूपकात रूपांतर करून ती अमुक एका सामाजिक वा मानसिक स्थितीचे प्रतीक असल्याचे सांगितले जाते. दोन्ही मार्गांनी एक महत्त्वाची गोष्ट निसटते. जिवंत बाहुलीविषयी कथाविश्व जे स्पष्टीकरण देते, त्याचे मुख्य कार्य तिच्या जिवंतपणाचे कारण सांगणे हे नसतेच. या बाहुलीचे माणसांशी नाते कोणते, तिच्या कृत्यांचे दायित्व कोणाकडे आणि तिच्यावर अन्याय झाला तर तो अन्याय गणला जाईल की नाही, हे त्या स्पष्टीकरणाने ठरते. प्रस्तुत टिपणात प्रतिपादावयाचे आहे ते एवढेच.

हा प्रश्न भारतीय वाचकाला परका नाही. आपल्या परंपरेत बाहुली प्रथम भेटते ती दृष्टान्तात. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालताना ईश्वराधीन माणसाची तुलना लाकडी बाहुलीशी करते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील यंत्रारूढ भूतांचा अर्थ सांगताना शंकराचार्यांना यंत्रावर चढविलेली लाकडी माणसे आठवतात. ज्ञानेश्वरीतही ‘साईखडे’ या नावाने बाहुल्यांचा खेळ दृष्टान्तासाठी येतो. या सर्व ठिकाणी बाहुली म्हणजे पारतंत्र्याची परमावधी होय. तिला स्वतःचे कर्तृत्व नाही, म्हणून तिला पापही नाही आणि पुण्यही नाही. जिवंत बाहुलीची कथा नेमका हाच दृष्टान्त उलटा करते. जिला कर्तृत्व नाही असे गृहीत धरले होते तीच कर्ती होऊन समोर उभी राहते. म्हणूनच दायित्वाचा प्रश्न या कथांवर बाहेरून लादावा लागत नाही. तो त्यांच्या मुळाशीच आहे.

२

पहिला पर्याय शापाचा. सिंहासनबत्तिशीची कथा मराठी वाचकाला सुपरिचित आहे. १८१४ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथ शर्मा यांनी केलेले तिचे मराठी भाषांतर छापले गेले आणि मराठी मुद्रित गद्याच्या प्रारंभकाळात या पुतळ्यांना स्थान मिळाले. इंद्राने विक्रमाला दिलेले सिंहासन पुढे भोजराजाला जमिनीखाली सापडते. तो त्यावर बसू पाहतो तेव्हा सिंहासनाची एकेक पुतळी बोलू लागते, विक्रमाच्या औदार्याची कथा सांगते आणि असे औदार्य अंगी असेल तरच येथे बैस, असे त्याला बजावते.

या पुतळ्या बोलतात कशा? काही संस्कृत पाठांत याचे उत्तर कथेच्या शेवटी येते. त्या मूळच्या देवांगना, पार्वतीच्या सख्या. तिच्या शापाने त्या अचेतन पुतळ्या झाल्या, आणि भोजाशी संवाद झाल्यावर शापमुक्त होतील असा उःशाप त्यांना मिळाला. हे स्पष्टीकरण वरवर पाहता ठरावीक साच्याचे वाटते. परंतु त्याचा परिणाम लक्षात घ्यावयास हवा. पुतळी मुळात पुतळी नव्हतीच, असे ते सांगते. लाकडाला वा धातूला वाणी फुटली, असे येथे झालेलेच नाही. वाणी असलेल्या व्यक्तीवर जडत्व आले होते, ते उतरले. राजाला जाब विचारण्याचा जो अधिकार पुतळीला मिळतो तो तिच्या पूर्वपदामुळे मिळतो. एका आसनाच्या पायाशी बसविलेल्या मूर्तीने राजाला थांबवावे ही गोष्ट श्रोत्याला मान्य होते, कारण थांबविणारी राजाहून वरच्या लोकातली आहे.

शापाच्या स्पष्टीकरणाची मर्यादाही येथेच दिसते. ते बाहुलीला प्रतिष्ठा देते, पण बाहुली म्हणून देत नाही. शापमुक्ती होताच देवांगना निघून जातात. माणसांबरोबर बाहुल्यांनी नांदावे कसे, हा प्रश्न सुटत नाही. तो उद्भवण्यापूर्वीच कथा संपते.

३

दुसरा पर्याय यंत्राचा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात या पर्यायाची दोन अत्यंत समृद्ध उदाहरणे आहेत. मयासुराची कन्या सोमप्रभा आपली सखी कलिंगसेना हिच्या करमणुकीसाठी लाकडी यंत्रबाहुल्यांची करंडी घेऊन येते. खीळ दाबताच एक बाहुली आकाशमार्गे जाऊन पुष्पमाला आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, आणखी एक संभाषण करते. सोमप्रभेने दिलेले स्पष्टीकरण विशेष लक्षणीय आहे. जग हेच पंचमहाभूतांचे एक महायंत्र असून तिच्या पित्याची यंत्रे त्याच तत्त्वांवर रचलेली आहेत, असे ती सांगते. पृथ्वीतत्त्वाचे यंत्र दारे बंद करते, जलतत्त्वाच्या यंत्रातील आकृती सजीव भासतात, तेजाचे यंत्र ज्वाळा सोडते, वायूचे यंत्र येणेजाणे यांसारख्या हालचाली घडविते आणि आकाशतत्त्वाचे यंत्र बोलते. शब्द हा आकाशाचा गुण, हा दर्शनशास्त्रातील सिद्धान्त येथे कथेच्या कामी आला आहे. बाहुलीचे बोलणे हा चमत्कार राहत नाही, ते विश्वरचनेचे उपप्रमेय होते.

परंतु या बोलणाऱ्या बाहुलीला कोणी नाव देत नाही. खेळ संपला की ती करंडीत जाते. तिचे स्पष्टीकरण जितके परिपूर्ण, तितकी ती अधिक वस्तू ठरते. कारण यंत्राचे दायित्व आणि स्वामित्व दोन्ही रचणाऱ्याकडे असतात.

याच ग्रंथातील राज्यधराच्या कथेत ही बाजू अधिक करुण होऊन येते. राज्यधर आणि प्राणधर हे कांची नगरीतील दोन सुतार बंधू. थोरला प्राणधर दोरीने चालणारे यंत्रहंस करून त्यांच्याकरवी राजाच्या कोषागारातून रत्ने चोरवितो. चोरी उघडकीस येऊ लागताच दोघे विमानांतून पळ काढतात, आणि राज्यधर समुद्रतीरावरील एका निर्मनुष्य नगरात येऊन पोहोचतो. पुढे नरवाहनदत्त त्या नगरात शिरतो तेव्हा त्याला रस्ते, दुकाने, स्त्रीपुरुष सर्व काही दिसते. सारे सजीवासारखे हालत असतात, पण कोणी बोलत नाही. केवळ त्या मौनावरून हे लोक लाकडाचे आहेत, हे त्याच्या ध्यानात येते. प्रासादात एकच चेतन माणूस बसलेला आहे, आणि जड इंद्रियांना चालविणाऱ्या आत्म्याची उपमा सोमदेव त्याला देतो.

दार्शनिकांनी बाहुलीला दृष्टान्त केले होते. येथे कथाकाराने दार्शनिक सिद्धान्तालाच बाहुल्यांच्या नगराची उपमा केले आहे. एक आत्मा आणि असंख्य जड इंद्रिये हे चित्र तत्त्वज्ञानात समाधान देणारे असेल. नगर म्हणून ते भयाण आहे. गजबजलेल्या बाजारपेठेत राज्यधर एकटा आहे, कारण त्याच्या प्रजेतील कोणीही त्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही. प्राणधराचे हंस चोरी करतात, पण चोर ठरतो प्राणधर. यंत्राच्या स्पष्टीकरणात बाहुलीला निरपराधित्व मिळते आणि त्याची किंमत म्हणून तिचा शब्द जातो.

वाणी आणि चलन यांतील हा भेद अन्यत्रही आढळतो. ज्याच्या घराण्यातील अकालजलदाला ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हटले गेले त्या राजशेखराच्या बालरामायणात रावणाला रिझविण्यासाठी सीतेची यंत्रपुत्रिका घडविली जाते. तिचे अवयव यंत्राने हलतात. बोलण्यासाठी मात्र तिच्या मुखात सारिका बसवावी लागते. हालचालीला कळ पुरते, बोलण्यासाठी कोणीतरी सजीव आत असावा लागतो, अशीच जणू येथील धारणा आहे.

युरोपीय साहित्यात यंत्रबाहुलीचे सर्वांत अस्वस्थ करणारे रूप ई. टी. ए. हॉफमन याच्या १८१६ मधील ‘सँडमन’ या दीर्घकथेत दिसते. नाथानएल हा विद्यार्थी प्राध्यापकाची कन्या समजून ओलिंपियावर प्रेम करतो. ती वस्तुतः यंत्र असते. या कथेची चर्चा बहुधा फ्रॉइडच्या १९१९ मधील निबंधाच्या अनुषंगाने होते. फ्रॉइडने बाहुलीपेक्षा डोळे गमावण्याच्या भीतीला महत्त्व दिले, हे प्रसिद्धच आहे. पण दायित्वाच्या दृष्टीने दुसरेच दोन प्रसंग मोलाचे आहेत. आपली कविता न रुचल्याबद्दल नाथानएल आपल्या हाडामांसाच्या वाग्दत्त वधूला निर्जीव यंत्र म्हणून हिणवितो. आणि ज्या ओलिंपियाला एका उद्गारापलीकडे फारसे बोलता येत नाही तिच्यात त्याला सहृदय रसिक भेटतो. नकार देऊ शकणारी व्यक्ती त्याला यंत्र वाटते आणि नकार देऊ न शकणारे यंत्र व्यक्ती वाटते. रहस्यस्फोटानंतर गावातील तरुण आपली प्रेयसी बाहुली नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी तिने थोडे बेताल गावे, नाचताना चुकावे, असा आग्रह धरू लागतात. चुकण्याची क्षमता हीच सजीवत्वाची खूण ठरते.

त्याच कथेत काव्य आणि वक्तृत्व या विषयांचा एक प्राध्यापक तपकीर ओढून सर्वांना सांगतो, की हा सारा प्रकार म्हणजे एक विस्तारित रूपक आहे. हॉफमनने हा टोला साहित्याच्या अध्यापकांना मारलेला आहे, आणि तो अद्याप चुकविता आलेला नाही.

४

तिसरा पर्याय रिकाम्या जागेचा. कार्लो कोल्लोदी याची ‘पिनोकिओची साहसे’ ही कथा मुलांसाठी निघणाऱ्या एका इटालियन साप्ताहिकात जुलै १८८१ पासून क्रमशः येऊ लागली आणि १८८३ मध्ये फ्लोरेन्स येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्याच पानावर निवेदक आवर्जून सांगतो, की हे लाकूड मौल्यवान वगैरे नव्हते. थंडीत चुलीत घालतात तसला साधा ओंडका होता. हा ओंडका सुताराने हत्यार उगारताच बोलू लागतो. शाप नाही, वरदान नाही, यंत्र नाही. जेपेत्तोने बाहुले कोरण्यापूर्वीच त्यात आवाज आहे. म्हणजे निर्मात्यालाही त्याच्या सजीवत्वाचे श्रेय घेता येत नाही.

स्पष्टीकरण नसल्याचा परिणाम काय होतो? पिनोकिओ तत्काळ समाजव्यवहारात ओढला जातो. तो पळू लागतो तेव्हा शिपाई त्याला नाकाला धरून पकडतो; जमलेले लोक बाहुल्याची बाजू घेतात आणि जेपेत्तोच तुरुंगात जातो. पिनोकिओला भूक लागते, शेगडीवर ठेवलेले त्याचे पाय जळतात, त्याच्या अंकलिपीसाठी बापाला आपला कोट विकावा लागतो. पुढे ठकांनी त्याच्या सोन्याच्या मोहरा लुबाडल्यावर तो न्यायालयात दाद मागतो. न्यायाधीश असलेला गोरिला त्याची तक्रार शांतपणे ऐकून घेतो आणि लुबाडला गेल्याबद्दल त्यालाच कैदेत पाठवितो. न्याय उफराटा आहे यात संशय नाही. तथापि लाकडाच्या बाहुल्याला दाद मागता येते की नाही, ही शंका त्या न्यायालयात कोणालाही येत नाही. अन्याय होण्यासाठी आधी व्यक्ती म्हणून गणले जावे लागते. कोल्लोदीचे जग पिनोकिओला तेवढे निश्चित देते.

या कथेतच बाहुल्यांच्या खेळाचा प्रसंग यावा, हा योगायोग म्हणता येणार नाही. रंगमंचावरील बाहुल्या पिनोकिओला आपला भाऊ म्हणून ओळखतात आणि खेळ थांबवून त्याचे स्वागत करतात. त्यांचा धनी मांज्याफुओको हा रात्रीचे मांस भाजण्यासाठी पिनोकिओला जळण म्हणून मागवितो. पुढे त्याला दया येते आणि तो त्याच्याऐवजी हार्लेक्विनला आगीत टाकावयास सांगतो. त्या वेळी पिनोकिओ पुढे होतो आणि आपल्यासाठी दुसऱ्याने मरणे न्याय्य नाही, असे सांगून स्वतःला अर्पण करतो. धनी असलेल्या बाहुल्या आणि धनी नसलेले बाहुले एकाच लाकडाचे आहेत. भेद एवढाच, की एकाला ‘माझ्याऐवजी तो नको’ असे म्हणता येते. लाकूड जळण आहे की भाऊ आहे, हा प्रश्न या प्रसंगात कोणत्याही कारणमीमांसेने सुटलेला नाही. तो एका कृतीने सुटला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. कोल्लोदी मुलांसाठी घाईने हप्ते लिहीत होता. स्पष्टीकरणाचा अभाव ही बालसाहित्यातील सैल रचना होय, त्यात तत्त्व शोधू नये, असे म्हणता येईल. घाईचा मुद्दा खरा आहे. परंतु घाईत असलेल्या लेखकाला पहिल्या पानावर परीचे वरदान टाकणे सर्वांत सोपे होते. त्याऐवजी त्याने सामान्य जळाऊ लाकडाचा आग्रह धरला. शिवाय ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याने ही कथा पिनोकिओला झाडावर फाशी देऊन संपविली होती, आणि ती १८८२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्याचा जिवंतपणा कधी समजावून सांगितला नव्हता त्याचा मृत्यू वाचकांनी मृत्यू म्हणूनच स्वीकारला. म्हणून तर त्यांना कथा पुढे हवी होती.

अशक्य पण संभवनीय गोष्ट शक्य पण अविश्वसनीय गोष्टीपेक्षा बरी, हे ॲरिस्टॉटलचे मत आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. येथे त्याला एक पुरवणी जोडता येईल. पिनोकिओच्या बाबतीत संभवनीयता कारणातून येत नाही, परिणामांतून येते. जळालेले पाय, विकलेला कोट आणि भोगलेली कैद यांनी ती सिद्ध होते. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर आधारली. पण कोणीच दोलायमान होत नाही अशा या जगात त्याची कसोटी फार दूर नेत नाही.

५

रूपांतरांकडे पाहिले असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९४० मधील डिस्नेच्या चित्रपटात जेपेत्तो ताऱ्याकडे इच्छा मागतो आणि निळी परी तयार बाहुल्यात प्राण घालते. कारण मिळाले, पण त्याबरोबर करारही बदलला. प्राण हे आता दान आहे, आणि खरा मुलगा होणे हे त्या दानास पात्र ठरल्याचे पारितोषिक. उलट गिलेर्मो देल तोरो याने २०२२ च्या चित्रपटात कथा फॅसिस्ट इटलीत नेली. तेथे प्राण देणारी वनदेवता आहे, परंतु चर्चमधील लाकडी ख्रिस्तावर लोक प्रेम करतात आणि लाकडाच्याच आपल्यावर का करीत नाहीत, असा प्रश्न बाहुले विचारते. स्पष्टीकरण असूनही दायित्वाचा प्रश्न तेथे खुला राहिला आहे. तेव्हा कारण सांगणे हा दोष, असा सिद्धान्त येथे मांडावयाचा नाही. कारण सांगून झाल्यावर कथा बाहुलीचे काय देणे लागते, एवढेच पाहावयाचे आहे.

मूळ कथेचा शेवटही या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. पिनोकिओ मुलगा होतो आणि खुर्चीला टेकून पडलेल्या आपल्या जुन्या लाकडी देहाकडे पाहून, आपण किती हास्यास्पद दिसत होतो, असे म्हणतो. हा शेवट आनंदाचा मानला जातो. पण उपाशी राहिलेले, भावासाठी आगीत जावयास निघालेले ते बाहुले होते. हा मुलगा नव्हता.  तो बाहुल्याला वस्तू मानतो. शापमुक्त देवांगनांप्रमाणे येथेही बाहुली नाहीशी करूनच समता साधली आहे, आणि म्हणूनच हा शेवट कथेच्या आरंभाइतका धीट नाही.

या विवेचनाची निकड आज वाढली आहे, याला एक साहित्यबाह्य कारण आहे. नरवाहनदत्ताने लाकडी नागरिकांना त्यांच्या मौनावरून ओळखले. २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्य माणसांच्या हाती आलेल्या संवादी संगणकप्रणालींनी ती कसोटी निकालात काढली आहे. यंत्राच्या मुखात सारिका बसविण्याची गरज उरलेली नाही. ही यंत्रे सजीव आहेत काय, याचा निर्णय साहित्याच्या अभ्यासकाने करावयाचा नाही. मात्र ‘ते कसे बोलते’ हे ठाऊक झाले म्हणजे ‘त्याच्या बोलण्याचे उत्तरदायी कोण’ हे ठरले, असे होत नाही, हा धडा सोमप्रभेच्या करंडीपासून गोरिलाच्या न्यायालयापर्यंतच्या कथांनी दिलेला आहे. प्राणधराच्या हंसांनी चोरलेल्या रत्नांचा जाब कोणाला विचारावयाचा, हे कथासरित्सागराला स्पष्ट माहीत होते.

पदव्युत्तर वर्गात या कथा शिकविल्या जातात तेव्हा ‘अद्भुतरम्यता’ या एका शब्दाखाली शाप, यंत्र आणि रिकामी जागा हे तिन्ही पर्याय एकत्र बांधले जातात. ते सोडविले पाहिजेत. कोणत्या कथेने सूत्राच्या जागी काय ठेवले आणि त्यामुळे बाहुलीला काय मिळाले, काय गमवावे लागले, हे प्रत्येक संहितेत स्वतंत्रपणे तपासावयास हवे. पिंगुळीच्या खेळात हा हिशेब दोरीच्या रूपाने उघड्यावर असतो. कथेत तो शोधावा लागतो, आणि तो शोधणे हे अभ्यासकाचे काम आहे.